फाल्गुनातील हिमवाट

फाल्गुन सरत आला म्हणजे देशावर उन्हाची चाहूल लागते. पळस फुलतो, आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरू लागतात, घरोघर नवे माठ येतात आणि शहरातील गृहस्थ दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून बसतो. ह्याच दिवसांत, ह्याच सूर्याखाली, हिमालयाच्या एका सोंडेवर अशी वाट आहे की, तिच्यावरून चालणाराचा पाय गुडघ्यापर्यंत बर्फात रुततो आणि वाटेतील तळ्यांवर पांढरे झाकण घट्ट बसलेले असते. गढवालातील लोहाजंग ह्या गावापासून ती निघते, बेकलताल आणि ब्रह्मताल ह्या दोन तळ्यांना भेटते आणि तीन-चार दिवसांत प्रवाशाला पुन्हा लोहाजंगला आणून सोडते. श्रोतेहो, आजचे भाषण ह्या वाटेविषयी आहे.

साऱ्या फेरीचे अंतर पंधरा-सोळा मैलांच्या आसपास भरते. तिच्यात दोर लावून चढावयाचा कडा नाही, की ओलांडावयाची हिमनदी नाही. नवख्या प्रवाशालाही झेपेल अशी तिची ख्याती आहे. आणि धोका आहे तो नेमका ह्या ख्यातीतच. अवघड म्हणून गाजलेल्या वाटेवर मनुष्य सावधपणे पाऊल टाकतो. सोपी म्हणून सांगितलेल्या वाटेवर तो गप्पा मारीत चालतो. वसंतारंभीच्या हिमवाटेला तिचा स्वतःचा एक कायदा आहे. तो ठाऊक असणाराला ती सौंदर्याचे भांडार उघडून दाखवते, आणि तो न जाणणाराची चूक ती सहसा पोटात घालीत नाही.

लोहाजंगला पोहोचणे हाच मुळी एक प्रवास आहे. काठगोदामपर्यंत आगगाडी जाते. १८८४ साली तेथे पोहोचलेला लोहमार्ग आजही तेथेच संपतो. तेथून पुढे अल्मोडा, कौसानी, ग्वालदम अशी गावे मागे टाकीत मोटारीला सारा दिवस लागतो. थरालीस पिंडर नदी भेटते. हीच नदी पुढे कर्णप्रयागास अलकनंदेला मिळते, आणि अलकनंदा देवप्रयागास भागीरथीला मिळून गंगा होते. देवालहून रस्ता वर चढू लागतो आणि संध्याकाळच्या सुमारास लोहाजंगची खिंड येते. देवीने लोहासुराशी येथे युद्ध केले म्हणून ह्या जागेला लोहाजंग म्हणतात, असे गावकरी सांगतात. ही खिंड समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फुटांवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तिची उंची सुमारे ५,४०० फूट. म्हणजे पुण्या-मुंबईकडचा डोंगरवेडा तरुण लोहाजंगला मोटारीतून पाय खाली ठेवतो, तेव्हाच तो त्याच्या नेहमीच्या शिखरापेक्षा दोन हजार फूट उंच उभा असतो. आणि चढ अद्याप सुरूही झालेला नसतो.

सह्याद्रीत पाय घडलेल्या मंडळींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कातळ, मुरूम, पावसाळ्यातील निसरडी शेवाळी पायवाट ह्यांची त्यांना सवय असते. दम आणि हिंमत ह्यांची त्यांच्यापाशी उणीव नसते. परंतु सह्याद्रीत पायाखालची जमीन सकाळी असते तीच संध्याकाळी असते. हिमवाटेवर तसे नाही. तेथे सकाळी दगडासारखा असलेला उतार दुपारी भिजलेल्या रव्यासारखा होतो. जमीनच घटकेघटकेला पालटते, ही कल्पना प्रथम मनात मुरावी लागते. पायांचा प्रश्न त्यानंतरचा.

मार्चच्या मध्यावर, सौर चैत्राच्या पहिल्या दिवशी, ह्या डोंगरी गावांतून ‘फूलदेई’ नावाचा सण होतो. पहाटेच मुले टोपल्या घेऊन निघतात, फ्यूंलीची पिवळी आणि बुरांसाची तांबडी फुले वेचतात आणि गावातील प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर ती वाहतात. घरातील बाया त्यांना तांदूळ, गूळ देतात. आपल्याकडे चैत्रात अंगणात रांगोळी रेखली जाते आणि गौर माहेरी येते, त्याचीच ही बहीण म्हणावी. गढवालची नंदादेवीही लोकांना लेकीसारखी आहे. तिला सासरी पोचवावयाची मोठी यात्रा साधारण बारा वर्षांनी निघते. २००० आणि २०१४ साली ती निघाली, आणि लोहाजंगपलीकडील वाण गावावरून वर हिमाकडे गेली. उंबऱ्यावर फुले आणि माथ्यावर बर्फ अशा दोन ऋतूंच्या सांध्यावर ही गावे त्या दिवसांत उभी असतात.

वाट प्रथम अरण्यात शिरते. बांज आणि खरसू ह्या ओकच्या जाती, आणि त्यांत मधूनमधून बुरांस. बुरांस हे झुडूप नव्हे, चांगला थोराड वृक्ष आहे. फाल्गुन-चैत्रात त्याला तांबडेभडक गुच्छ येतात, आणि एखाद्या रात्री उशिराचा बर्फ पडला, तर सकाळी त्या गुच्छांवर पांढऱ्या टोप्या बसलेल्या दिसतात. उन्हाचा पहिला किरण लागला की त्या टोप्या ओघळतात आणि झाडाखाली टपटप सुरू होते. आभाळ निरभ्र असूनही अरण्यात पाऊस पडतो आहे, असा भास होतो.

येथेच प्रवाशाला हिमाचा पहिला धडा मिळतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर जमीन उघडी पडलेली असते, तेथे कोवळे गवतही दिसते; आणि वळण घेऊन वाट उत्तरेच्या बाजूस गेली, की लगेच पोटरीइतका बर्फ लागतो. दोन्ही ठिकाणची उंची एकच, हवा एकच. उत्तरेच्या उतारावर ऊन तिरपे पडते, किंवा पडतच नाही. म्हणून तेथे हिवाळा महिनाभर अधिक मुक्काम करतो. झाडाच्या बुंध्याभोवती आणि काळ्या खडकांभोवती मात्र बर्फ आतून पोकळ झालेला असतो. काळा पदार्थ ऊन शोषून तापतो आणि भोवतालचे हिम वितळवतो. वरून सपाटी अभंग दिसते. पाय ठेवला की मनुष्य मांडीपर्यंत आत. म्हणून वाटाड्या खडकाला वळसा घालून, चार हात दूर राहून चालतो. मागून येणाराला तो वळसा निरर्थक वाटतो, आणि तो सरळ जातो. बूट बाहेर काढण्यास मग दोघे माणसे लागतात.

मराठीत बर्फ म्हटले म्हणजे सरबतातला खडा डोळ्यांपुढे येतो. आकाशातून पिसांसारखे उतरणारे हिम आणि पाणी गोठून झालेला कठीण खडा ह्या दोहोंसाठी बोलताना एकच शब्द वापरण्याची आपली रीत. कारण दोहोंशी आपला व्यवहार थोडा. गढवाली मनुष्य पडणाऱ्या हिमाला ‘ह्यूं’ म्हणतो आणि हिवाळ्याला ‘ह्यूंद’. ऋतूचे नावच त्याने हिमावरून ठेवले आहे. ताज्या भुसभुशीत हिमाचा दहा इंचांचा थर वितळला, तर त्यातून सुमारे एक इंच पाणी निघते. फाल्गुनापर्यंत तोच थर दबून, रात्री गोठून, दिवसा भिजून इतका घट्ट होतो की, दहा इंचांतून तीन-चार इंच पाणी मिळते. पावलाखाली तो भुरभुरत नाही, करकरतो. अनुभवी वाटाड्या त्या आवाजावरून बर्फाची प्रकृती ओळखतो.

अरण्याच्या कुशीत, दहा हजार फुटांच्या थोडे खाली, बेकलताल लागते. तळे लहान आहे. काठावर नागदेवतेचे ठाणे आहे आणि भोवती झाडांचे कडे आहे. ह्या दिवसांत तळे बहुधा गोठलेले असते आणि त्यावर हिम साचलेले असते. म्हणून ठाऊक नसणाराला ते तळे आहे हेच कळत नाही. अरण्यात एक गोल, सपाट, पांढरे मैदान कोणी मुद्दाम राखून ठेवले आहे, असे वाटते. त्या मैदानावर पळत जाण्याचा मोह तरुणांना आवरत नाही.

तो मोह आवरावा. पाण्याचा एक चमत्कारिक धर्म आहे. बहुतेक पदार्थ थंड होत गेले म्हणजे आकसतात आणि जड होतात. पाणी मात्र ४ अंश सेंटिग्रेडपर्यंतच आकसते. त्याहून थंड झाले की ते पुन्हा फुगू लागते आणि हलके होते. म्हणून तळ्यातील सर्वांत थंड पाणी वर येते, तेथेच गोठते, आणि बर्फ पाण्याहून हलका असल्याने वरच तरंगतो. त्या झाकणाखाली, तळाशी, ४ अंशांच्या आसपासचे पाणी राहते आणि त्यातील जीव हिवाळा काढतात. हा धर्म नसता, तर तळी तळापासून गोठत आली असती. पण ज्या झाकणाने खालच्या जीवांचे रक्षण होते, ते वसंतात माणसाचा भार सोशीलच असे नाही. माघात चार इंच जाडीचा स्वच्छ, निळसर बर्फ माणसाला पेलतो. फाल्गुनात तितकाच जाड बर्फ आतून सच्छिद्र झालेला असतो. उभ्या सुया एकमेकींना टेकवून ठेवाव्यात, तशी त्याची रचना होते. जाडी तीच, बळ गेलेले. शिवाय वरचे हिम ही दुर्बळता झाकून टाकते. म्हणून तळे काठावरूनच पाहावे. नागदेवतेचे ठाणे काठावर आहे आणि गावकरी तेथूनच हात जोडतात; ह्या रिवाजात श्रद्धेबरोबर शहाणपणही आले.

तंबूतील रात्र नवख्याची परीक्षा पाहते. सूर्य कड्याआड गेला की पाऊण तासात हवा इतकी पालटते की, ओले मोजे दोरीवर कडक होतात. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, असा तेथील शिरस्ता आहे. पाणी वरच्या बाजूने गोठते, आणि उलट्या बाटलीचे तोंड खाली असल्याने सकाळी निदान घोटभर पाणी बाहेर पडते. ह्या उंचीवर पाणी शंभराऐवजी सुमारे ९० अंशांवरच उकळते, म्हणून डाळ शिजता शिजत नाही. गावचा स्वयंपाकी मंडुव्याची भाकरी करून देतो. मंडुवा म्हणजे आपली नाचणीच. कोकणातला किंवा मावळातला मनुष्य ती भाकरी हाती घेतो, तेव्हा हजार मैलांवरील त्या तंबूत त्याला घरची ओळख पटते.

रात्री बाहेर येऊन वाटाड्या आभाळ पाहतो. चांदण्या लखलखीत असतील, तर तो समाधानाने आत जातो. निरभ्र रात्री हिमाची ऊब आकाशात निघून जाते, पृष्ठभाग कडक गोठतो, आणि सकाळची वाट पक्की होते. आभाळ झाकलेले राहिले, तर ती ऊब खालीच कोंडते, बर्फ नीट गोठत नाही, आणि सकाळपासूनच पाय रुतू लागतात. चंद्राला मोठे खळे पडले असेल, तर तो काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवसाचा हिशेब मनात बदलतो. उंचावरील बारीक हिमकणांच्या ढगांतून ते खळे दिसते, आणि असे ढग पुष्कळदा बिघडत्या हवेच्या पुढे धावत येतात.

दुसरा टप्पा पहाटे अंधार असतानाच सुरू करावा लागतो. बुटांना लोखंडी काट्यांच्या साखळ्या चढवावयाच्या, पोटऱ्यांना मेणकापडी पट्टे बांधावयाचे, हाती काठी घ्यावयाची आणि ओळीने चालावयाचे. इतकी घाई कशासाठी, असा प्रश्न अंथरुणातून ओढून काढलेला प्रवासी करतो. उत्तर उष्णतेच्या गणितात आहे. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. म्हणून सूर्य उगवला तरी हिमाचे राज्य लगेच ढासळत नाही. सकाळचे काही तास पृष्ठभाग टणक राहतो आणि काटे कचकच रुतून मनुष्य त्यावरून सुखाने चालतो. पुढे मात्र वरचा थर सुटू लागतो. दुपारी पावलागणिक गुडघा बुडतो, आणि ज्या अंतराला सकाळी एक तास लागला, त्याला तीन लागतात. ही झाली श्रमाची बाजू. धोक्याची बाजू अशी की, उतारावरील ओला, जड झालेला थर खालच्या थरापासून सुटून घसरू शकतो. ३० ते ४५ अंशांचे उतार ह्या बाबतीत सर्वांत वाईट. त्याहून सपाट उतारावर हिम सहसा टिकून राहते, आणि त्याहून उभ्या कड्यावर ते फारसे साचतच नाही. सुटलेले हिम थांबले की चुन्याच्या गिलाव्यासारखे घट्ट होते. त्यात पुरलेल्या मनुष्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आले तरच आशा, आणि तेही जवळचे सोबतीच करू शकतात. खालून मदत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

अरण्य संपून धारेवर पाय पडतो आणि सारे दृश्य एकदम उघडते. समोर त्रिशूळ, त्याच्या शेजारी नंदाघुंटी. त्रिशूळाची उंची २३,३६० फूट, नंदाघुंटीची सुमारे २०,७००. दरीपलीकडे आली आणि बेदनी ही बुग्याळे, म्हणजे उंचावरची कुरणे, पांढऱ्या घड्या घातलेल्या धोतरासारखी पसरलेली असतात. ऊन वर आले की ह्या साऱ्या शुभ्रतेकडे उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. ताजे हिम पडलेल्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकते. तळपायाखालूनही ऊन येते असे म्हटले तरी चालेल. काळा चष्मा विसरलेला प्रवासी त्या दिवशी काही जाणत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि पापणी उघडत नाही.

बारा हजार फुटांच्या थोड्या वर धारेचा माथा आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ६४ टक्क्यांइतकाच असतो. म्हणजे मुंबईत तीन श्वासांत जितका प्राणवायू मिळतो, तितक्यासाठी येथे जवळजवळ पाच श्वास घ्यावे लागतात. डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही त्याची पहिली लक्षणे. ती लपवणे ही शूराची रीत आहे, असे तरुणांना वाटते. परंतु डोकेदुखी वाढत चालली, ओकाऱ्या होऊ लागल्या किंवा चाल अडखळू लागली, की खाली उतरणे हेच औषध होय.

माथ्याखालच्या खोलगट भागात ब्रह्मताल आहे. ब्रह्मदेवाने येथे तप केले, अशी श्रद्धा आहे. बेकलतालाला अरण्याचा आडोसा आहे. ह्या तळ्याला आभाळाखेरीज काही नाही. वारा हिमाचे कण उडवीत त्यावरून जातो. काठच्या दक्षिणाभिमुख बाजूस ऊन लागून हातभर रुंदीची पाण्याची निळी चीर उघडलेली असली, तर वसंत तेथपर्यंत पोहोचला असे समजावे. त्या चिरेत त्रिशूळाचा एक तुकडा पडलेला दिसतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की मोडतो. एवढेच पाहावयास मनुष्य इतक्या दूर येतो.

आणि पुष्कळदा एवढेही पाहावयास मिळत नाही. धारेवर पोहोचावे आणि पश्चिमेकडून राखी रंगाची भिंत चालत यावी, हे वसंतारंभी नेहमीचे आहे. वाटाड्या थांबतो. काठी बर्फात खुपसून पाहतो, एकदा ढगाकडे आणि एकदा घड्याळाकडे बघतो, आणि म्हणतो, आता उतरावे. तेथे तुकडीत वाद सुरू होतो. तळे आणखी तासाभरावर आहे. रजा मोठ्या कष्टाने मिळाली आहे. परतीची तिकिटे काढलेली आहेत. पैसे भरले आहेत. कालच्या तुकडीला तर तळे दिसले. हे सारे युक्तिवाद खरे असतात. त्यांत एकच उणीव असते. त्यांपैकी एकही हिमाला ठाऊक नसतो.

ह्या वादात हरल्याने काय होते, हे २०२४ सालच्या मे-जूनमधील सहस्रतालाच्या वाटेने दाखवून दिले. उत्तरकाशी आणि टिहरी ह्यांच्या सीमेवर, चौदा हजार फुटांवर, ही तळी आहेत. हंगाम उन्हाळ्याचा, म्हणजे फाल्गुनापेक्षा कितीतरी सौम्य. तरीही बावीस जणांच्या एका तुकडीला परतीच्या वाटेवर हिमवादळाने गाठले. नऊ जण थंडीने तेथेच गेले. उरलेल्या तेरांना हेलिकॉप्टरे आणि बचावपथके ह्यांनी खाली आणले. गेलेल्यांना दोष देण्यासाठी ही आठवण नाही. खाली शहरात माणसे पंख्याखाली बसलेली असताना वर हिम मनुष्य घेऊ शकते, एवढेच त्यातून उमजावे.

लोहाजंगच्या परिसराला तर ही आठवण फार जुनी आहे. त्रिशूळाच्या पायथ्याशी, सोळा हजार फुटांच्या वर, रूपकुंड आहे. त्याच्या काठी माणसांच्या शेकडो अस्थी आहेत, ही गोष्ट १९४२ साली एका वनाधिकाऱ्याने जगापुढे आणली. ते सारे एकाच संकटात सापडले असावेत, असे पुष्कळ दिवस मानले जाई. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते चित्र बदलले. काही अस्थी इसवी सनाच्या सुमारे आठव्या-नवव्या शतकांतल्या, तर काही त्यांच्यानंतर हजार वर्षांनी तेथे पडलेल्या निघाल्या. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल आघातांच्या खुणा आहेत, आणि त्यावरून मोठ्या गारांचा तर्क केला जातो. हजार वर्षांच्या अंतराने आलेल्या माणसांना त्याच उघड्या जागेने गाठले. मधल्या काळात डोंगराने त्याचा नियम बदलला नव्हता.

मागे फिरणे म्हणजे हार, असे ज्याला वाटते, त्याने त्रिशूळाकडेच पाहावे. १९०७ साली टॉम लाँगस्टाफ हा इंग्रज डॉक्टर पलीकडच्या बाजूने त्या शिखरावर चढला. पहिल्या प्रयत्नात वीस हजार फुटांच्या आसपास हिमवादळाने त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तंबूत कोंडून धरले. तो हट्टाने पुढे गेला नाही. खाली उतरला, अंगात बळ येऊ दिले, चांगल्या हवेची वाट पाहिली, आणि १२ जून रोजी ब्रोशरेल आडनावाचे दोघे आल्प्सवासी भाऊ आणि करबीर नावाचा गुरखा ह्यांच्यासह माथ्यावर पोहोचला. मनुष्याने तोवर गाठलेले ते सर्वांत उंच शिखर मानले गेले. परत फिरण्याचा तो दिवस त्याच्या यशातच जमा आहे.

वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा, हे त्यामुळेच. वाण, लोहाजंग आणि आसपासच्या खेड्यांतील ही माणसे लहानपणी मेंढरांमागे ह्याच धारेवर हिंडलेली असतात. हिवाळ्यात शेत झोपलेले असते, तेव्हा प्रवाशांचे ओझे आणि वाट दाखवणे हाच पुष्कळ घरांचा आधार. तळ्यापर्यंत नेले म्हणजे बक्षिसी अधिक मिळते, हे वाटाड्यालाही ठाऊक असते. तरीही तो उतरा म्हणतो, तेव्हा तो स्वतःचे नुकसान करून सांगत असतो. अशा माणसाला बक्षिसी त्याच दिवशी दुप्पट द्यावी.

ह्या माणसांचे आणखी एक म्हणणे ऐकण्यासारखे आहे. बर्फ गेल्यावर जे उघडे पडते, ते त्यांचे कुरण असते. प्रवाशांनी बर्फात पुरलेला कचरा वैशाखात गवतावर येतो. आली, बेदनी येथील बुग्याळांचे हाल पाहून लोक न्यायालयात गेले, आणि २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. हिमाखाली झाकलेली गोष्ट नाहीशी झालेली नसते, एवढा बोध शहरी प्रवाशाने तेथून घ्यावा आणि त्याचा कचरा पाठीवर घालून खाली आणावा.

हिमाची ही पेढी अलीकडे डबघाईला येऊ लागली आहे. वसंतात ती हळूहळू वितळते, म्हणून पिंडर आणि अलकनंदा पावसाच्या आधीही वाहत राहतात. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, त्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात हिम टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा जवळजवळ २४ टक्क्यांनी कमी भरले. तेवीस वर्षांतील तो नीचांक होता, आणि सरासरीहून कमी असलेले ते लागोपाठ तिसरे वर्ष. लोहाजंगच्या वाटाड्याला हे आकडे सांगावे लागत नाहीत. वाटेतल्या कोणत्या वळणावर पहिला बर्फ लागतो, हे त्याला वर्षानुवर्षांचे ठाऊक असते, आणि ते वळण वर सरकले की तो ते बोलून दाखवतो.

परतीची वाट पुन्हा बुरांसाच्या अरण्यातून येते. ज्यांना ब्रह्मताल दिसले ते, आणि ज्यांना धारेवरूनच फिरावे लागले तेही, लोहाजंगच्या त्याच चहाच्या टपरीवर बसून ओले बूट सोडतात. फूलदेईचे दिवस असले, तर त्या टपरीच्या उंबऱ्यावरही मुलांनी वाहिलेली तांबडी, पिवळी फुले पडलेली असतात. ती ओलांडून आत जाताना पाय आपोआप जपून पडतो. वरच्या वाटेने तीन दिवस जे शिकवले, ते त्या वेळी पायांत मुरलेले असते.